चूक दाखविणारास दक्षिणा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां एखादा मुलगा, मुलगी किंवा सून संगणकाच्या कचेरींत कामास जाते. हीं मुलें दिवसभर काय करितात हें घरांतील वडील मंडळींस नीटसें उमगत नाहीं. पगार बरा मिळतो, रात्रीं उशिरा येतात आणि पाठ दुखते म्हणतात, एवढेंच आपणांस ठाऊक! आमच्या घरींही हाच प्रकार. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या पुतण्यानें ह्या विद्येंतील एका श्रेष्ठ पुरुषाची हकीकत मला सांगितली, आणि तेव्हांपासून ह्या धंद्याकडे मी निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों.

डोनल्ड कनूथ हें त्या पुरुषाचें नांव. अमेरिकेंतील मिल्वॉकी शहरीं १० जानेवारी १९३८ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील लूथरपंथी ख्रिस्ती शाळेंत शिक्षक होते. शिवाय ते लहानसा छापखाना चालवीत व प्रार्थनामंदिरांत ऑर्गन वाजवीत. विद्या, मुद्रण, संगीत आणि उपासना हीं चारही मुलास घरींच लाभलीं. पुढें ते स्टॅनफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक झाले. संगणकाच्या आज्ञावली रचण्याची कला ह्या विषयावरील त्यांच्या बृहद्ग्रंथाचा पहिला खंड १९६८ सालीं निघाला, आणि चौथ्या खंडाचा दुसरा भाग २०२२ सालीं! इतक्या वर्षांत त्यांनीं तें काम सोडलें नाहीं.

१९७७ सालीं ह्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें त्यांच्या हातीं आलीं. शिशाचे टाइप जुळविण्याची जुनी पद्धति मागें पडून नवी तऱ्हा आली होती, आणि तींत गणिताचीं सूत्रें इतकीं ओबडधोबड दिसत होतीं कीं, त्यांना चैन पडेना. दुसरा कोणी मुद्रकाशीं भांडला असता. ह्यांनीं लेखन बाजूस ठेविलें आणि अक्षरजुळणी करणारी आज्ञावली स्वतःच रचावयास घेतली. वर्षभरांत काम उरकेल अशी अटकळ होती. लागलीं सुमारें दहा वर्षें. तिचें नांव ‘टेख’. ज्या ग्रीक शब्दावरून तें घेतलें, त्याचा अर्थ कला असाही होतो आणि कारागिरी असाही. संस्कृताच्या अभ्यासकास येथें ‘शिल्प’ शब्दाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ही वस्तु त्यांनीं जगास फुकट दिली. हॉलंडांतील फ्रान्स व्हेल्टहुइस ह्यांनीं पुढें तिला देवनागरीची जोड दिली.

परंतु माझें मन वेधलें तें निराळ्याच गोष्टीनें. ‘टेख’ रचितांना झालेल्या आपल्या चुकांची कनूथ नोंद ठेवीत असत. ती यादी त्यांनीं १९८९ सालीं वर्गवारी करून प्रसिद्ध केली. तींत आठशेंहून अधिक नोंदी आहेत! शिवाय आपल्या ग्रंथांतील चूक जो प्रथम दाखवील, त्याला २ डॉलर ५६ सेंटांचा धनादेश पाठविण्याचा परिपाठ त्यांनीं ठेविला. हाच आंकडा कां? आपण दशमान पद्धतीनें मोजतों, म्हणून दहा दाहे शंभर सेंटांचा डॉलर. संगणकाच्या व्यवहारांत षोडशमान पद्धति सोईची. तेथें सोळा सोळे दोनशें छप्पन्न हाच डॉलर! कित्येकांनीं हे धनादेश वटविले नाहींत. चौकटींत बसवून भिंतीवर लावले. पुढें लबाडीची भीति उत्पन्न झाल्यामुळें २००८ पासून कनूथ खऱ्या धनादेशाऐवजीं एका काल्पनिक बँकेचें प्रमाणपत्र देऊं लागले.

हें ऐकतांना मला एक जुनी गोष्ट आठवली आणि मान खालीं गेली. संस्कृताच्या तासास मीं फळ्यावर ‘पति’ शब्दाचें चतुर्थीचें एकवचन ‘हरि’ शब्दासारखें ‘पतये’ असें लिहिलें. मागच्या बांकावरील एक अबोल मुलगा उभा राहिला व म्हणाला, “गुरुजी, तेथें ‘पत्ये’ पाहिजे ना?” त्याचें बरोबर होतें. ‘भूपतये’ अशा समासांत तें रूप चालतें, सुटें चालत नाहीं. माझी चूक मला त्याच क्षणीं कळली. परंतु चाळीस मुलांदेखत ती कबूल करण्याचें धैर्य झालें नाहीं. “आधीं स्वतःचें अक्षर सुधार,” असें बोलून मीं त्याला खालीं बसविलें, आणि तास संपल्यावर फळा स्वतःच्या हातानें पुसला. त्यानंतर त्या मुलानें वर्गांत कधींही शंका विचारली नाहीं. एक मात्रा न सुधारतां मीं एका विद्यार्थ्याची जिज्ञासा खर्चीं घातली.

कनूथ हे श्रद्धावान् ख्रिस्ती आहेत, आणि धर्मग्रंथ वाचतांनाही त्यांची वृत्ति हीच राहिली. सोयीचीं वचनें निवडून आपलेंच मत ग्रंथाच्या तोंडीं घालण्याची खोड सर्व धर्मांच्या पंडितांस असते. ती टाळण्यासाठीं त्यांनीं नियमच घातला: बायबलांतील प्रत्येक पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचें सोळावें वचन घ्यावयाचें आणि त्याचा कसून अभ्यास करावयाचा. योहानाच्या शुभवर्तमानांतील त्या क्रमांकाचें वचन सुप्रसिद्ध आहे, म्हणून हा क्रमांक. इतर पुस्तकांतून हातीं येईल तें वचन पत्करावयाचें. शितावरून भाताची परीक्षा ती हीच. अशीं ५९ वचनें मिळालीं. पूर्वीच्या भाष्यकारांचीं मतें पाहून कनूथ ह्यांनीं तीं स्वतः भाषांतरित केलीं, आणि प्रख्यात जर्मन अक्षरशिल्पी हेर्मान त्साफ ह्यांच्या साह्यानें सुलेखनकारांकडून एकेक वचन चितारून घेतलें.

ज्या मार्टिन लूथरच्या पंथांत ते वाढले, त्या लूथरनें सोळाव्या शतकांत असें शिकविलें कीं, मठांतील संन्याशाची दिनचर्या आणि चांभाराचें प्रामाणिक काम ह्यांत देवाच्या दृष्टीनें उच्चनीच नाहीं. कनूथ ह्यांची चिकाटी केवळ ह्या शिकवणुकींतून आली असें मी म्हणणार नाहीं. श्रद्धा नसलेला कारागीरही निर्दोष काम करितो, आणि श्रद्धाळू मनुष्य पुष्कळदां नुसती वेठ वारतो. परंतु सर्वज्ञता आपली नव्हे असें जो मनापासून मानतो, त्याला चूक दाखविली गेल्यास अपमान वाटण्याचें कारण उरत नाहीं. त्याचें कौशल्य त्याला गर्विष्ठ न करितां सावध करितें.

‘टेख’ची सुधारलेली आवृत्ति निघाली कीं, तिच्या क्रमांकांत ३.१४१५९… ह्या वर्तुळाच्या गुणोत्तराचा आणखी एक अंक वाढतो. ही संख्या कधीं संपत नाहीं. निर्दोषत्वाच्या अधिकाधिक जवळ जातां येतें, इतकेंच.

वाचकहो, आपल्या मोठ्या कुटुंबांत वडिलांची चूक धाकट्यानें दाखविणें हा अजूनही उद्धटपणा समजला जातो. दोन डॉलर कोणी देऊं नयेत. पण “बरें झालें सांगितलेंस,” एवढे शब्द तरी द्यावे. तो मुलगा आज कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. हा लेख त्याच्या हातीं पडलाच, तर त्यानें इतकें समजावें कीं, ‘पत्ये’ हेंच बरोबर होतें, आणि त्याची दक्षिणा माझ्याकडे राहिली आहे.