ममीला घर मिळाले, बाबासाहेबांना का नाही?

बडोद्याच्या कामाठी बागेत, म्हणजेच सयाजी बागेत, वस्तुसंग्रहालय आहे. तेथे इजिप्तची एक ममी आहे. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी ती १८९५ साली विकत घेतली. संकल्प भूमीला अभिवादन करायला जाणाऱ्या आमच्या कोलशेतच्या समाजबांधवांनी ती जरूर पाहावी. कारण बाबासाहेब ज्या बागेत बसले, ती हीच बाग!

प्राचीन इजिप्तचे लोक थडग्याला अनंतकाळाचे घर मानत. शवपेटी ही त्या घरातली खोली. लाकडी पेटीला गिलावा देऊन ती रंगवीत, तिच्यावर मृताचे नाव लिहीत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या पेट्यांवर एका बाजूला दोन डोळे काढलेले असत. कशासाठी? तर आतल्या मृताला उगवता सूर्य दिसावा म्हणून! मेलेल्या माणसाच्या निवाऱ्याची एवढी काळजी.

आणि आपल्याकडे? १९१३ साली सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा शहरात त्यांना खोली मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आसरा नाकारला. तेव्हा दोष एकट्या पारशांना देऊन चालणार नाही. परदेशातून आलेल्या प्रेताला या शहरात छप्पर होते. परदेशात शिकून आलेल्या विद्वानाला मात्र झाडाची सावली!

राजा पुरोगामी होता, तरी गल्लीतले दार उघडले नाही. हा धडा जुना झालेला नाही. कोलशेत रस्त्यावर कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. पण भाड्याने घर मागायला गेले की आधी आडनाव विचारतात, मग स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारतात. शेवटी ‘कमिटी परवानगी देत नाही’ असे गोड उत्तर मिळते. जात कोणी उच्चारीत नाही. काठी गेली, नकार राहिला.

अस्पृश्यतेवरून कुणाला घर घेण्यास वा राहण्यास अडविणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ नुसार गुन्हा आहे. दुसरीकडे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. ही फट कोणाच्या सोयीची आहे, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की २३ सप्टेंबरला हार घालून थांबू नका. घर नाकारले गेले की तारीख, वेळ, बोललेले शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी तक्रारीचा अर्ज लिहून द्यावा, चार माणसांनी पोलीस ठाण्यापर्यंत सोबत जावे. एकटा माणूस अपमान गिळून परततो. चौघे गेले तर निदान नोंद होते. संकल्पाचा अर्थ दुसरा काय?