आधी पाण्याची नाडी बघा

बाळांनो, मासा कण्हत नाही, कुठे दुखतंय ते सांगत नाही. त्याचं दुखणं नुसतं बघून ओळखावं लागतं. त्यासाठी एका नव्या काचपेटीची गोष्ट ऐका.

पेटी आली, तळाला खडी पसरली, फिल्टर लावला, पाणी भरलं आणि त्याच संध्याकाळी गप्पी, मॉली, गोल्डफिश असे डझनभर मासे आणून सोडले. पहिले काही दिवस सगळं झकास. मग एका सकाळी बघावं तर सगळे मासे वर, तोंडं पाण्याबाहेर काढून भराभर कल्ले हलवत धापा टाकतायत. घरातलं कुणीतरी निळ्या औषधाची बाटली आणायला धावतं. थांबा! औषधाच्या आधी एक प्रश्न विचारायचा: एकच मासा धापा टाकतोय की सगळे? एकच असेल तर दुखणं बहुधा त्या माशाचं. सगळे एकदम असतील तर दुखणं पाण्याचं. हा प्रश्न ज्याला सुचला त्याचं निम्मं निदान झालंच.

पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. म्हणून ऐन मे महिन्यात मासे वर येतात. झाडं दाट असतील तर पहाटेही येतात, कारण रात्री झाडंसुद्धा प्राणवायू वापरतात. हवेचा पंप लावून ते खाली गेले तर प्रश्न मिटला. नाही गेले तर संशय अमोनियावर घ्यायचा.

मासे अमोनिया बाहेर टाकतात तो मुख्यतः कल्ल्यांवाटे, आणि उरलेले दाणे कुजले की आणखी तयार होतो. त्याला रंग नाही, त्यामुळे विषारी पाणीसुद्धा अगदी नितळ दिसतं. पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला तर त्याचा विषारी अंश जवळपास दहापट होतो. मग नदीतले मासे कसे जगतात? तिथे पाणी अफाट, आणि शिवाय दगडागोट्यांवर चिकटून बसलेले, डोळ्यांना न दिसणारे जीवाणू. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं बऱ्याच कमी घातक नायट्रेट करतात. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये हे जीवाणू वेगळे करून अभ्यासले. केवढं नवल बघा! त्यांना ऊन लागत नाही, साखर लागत नाही. अमोनियातून ऊर्जा काढायची आणि कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर बांधायचं, एवढ्यावर त्यांचा संसार चालतो.

नव्या पेटीत हा संसार मांडला जायला महिना-दीड महिना लागतो. तोवर अमोनिया साठतो, आणि तो उतरू लागला की नायट्राइट चढतं. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं, आणि मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. लालभडक कल्ले तपकिरी दिसू लागतात. पाण्यात प्राणवायू भरपूर, आणि मासा मात्र गुदमरतोय! अशा वेळी थोडं थोडं पाणी रोज बदलायचं, दाणे कमी करायचे. निळ्या औषधाने यातलं काहीच सुधारत नाही.

फायटर मासा अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो, त्याला मात्र आजारी समजू नका. त्याच्या डोक्यात हवेतून श्वास घेणारा खास अवयव असतो.

आता पांढऱ्या ठिपक्यांची गंमत. अंगावर रव्याच्या कणांएवढे ठिपके, मासा खडीवर अंग घासतोय, पर मिटून कोपऱ्यात बसतोय, तर कातडीच्या आत इक नावाचा एकपेशीय परजीवी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर अंगभर बारीक केस आणि पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक घेऊन तो गोल गोल फिरताना दिसतो. पोट भरलं की मासा सोडून तळाशी पडतो, भोवती कवच करतो आणि आत दुभंगत दुभंगत शेकडो पिल्लं होतात. कवच फुटलं की त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो, नाहीतर ती मरतात. औषध लागू पडतं ते याच मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना; कातडीच्या आतल्यांना नाही. म्हणून ठिपके गेले की लगेच औषध थांबवलं तर आजार उलटतो. कोमट पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत फिरतं, १० अंशांच्या थंड पाण्यात महिन्याहून जास्त घेतं.

पण ठिपके दिसले म्हणजे इकच, असंही नाही हं. गोल्डफिशच्या नराला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काठावर पांढरे पुटकुळ्यांसारखे दाणे येतात. बाकी अंग स्वच्छ, भूक उत्तम, मादीच्या मागे धावणं चालू. हा मासा ठणठणीत आहे. त्याला औषधात बुडवणं म्हणजे निरोग्याचे हाल करणं. ठिपका कुठे आहे, ते आधी बघा.

तुमच्या घरी पेटी येईल तेव्हा पाण्याची चाचणी करणारं किट दाण्यांच्या डबीबरोबरच घ्या. पहिल्या महिन्यात दोन-तीनच मासे ठेवा. आणि फिल्टरचा स्पंज क्लोरीनच्या नळाखाली कधीही धुऊ नका; पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळा, कारण ते जीवाणू त्याच स्पंजात राहतात.