पक्का रंग, पक्का रोजा

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत अहिल्यानगरच्या कापडबाजारात पाय ठेवायला जागा नसते. ईदसाठी कापड निवडणारी आई दुकानदाराला विचारते, "कलर फास्ट आहे ना?" शेजारी तिचा मुलगा मोबाईलवर मित्राला कळवतो, "आय ॲम ऑन फास्ट." मगरिबची वेळ जवळ येते आणि तीच आई रिक्षावाल्याला म्हणते, "मामा, जरा फास्ट घ्या." एका संध्याकाळी एकच इंग्रजी शब्द तीन अर्थांनी येऊन जातो आणि कोणाचाही गोंधळ होत नाही.

या तिन्ही अर्थांचे मूळ एकच आहे. जुन्या इंग्रजीत 'फास्ट' म्हणजे घट्ट, न हलणारे. म्हणून न उतरणारा रंग फास्ट. नियम घट्ट धरून ठेवणे, यातून उपवासाचा अर्थ आला. जोर लावून, नेटाने पळणे, यातून वेगाचा अर्थ निघाला आणि तोच पुढे सर्वांत मोठा झाला. जागेवर ठाम राहणाऱ्याचा शब्द असा पळणाऱ्याचा होऊन बसला.

अरबी 'सौम' या शब्दातही थांबण्याचा, स्वतःला आवरण्याचा अर्थ आहे. चारा न खाता उभ्या राहिलेल्या घोड्यालाही जुने अरब 'साइम' म्हणत. आपल्या तोंडी असलेला 'रोजा' फारसीतला. 'रोज' म्हणजे दिवस. 'उपवास' म्हणजे जवळ राहणे. 'इफ्तार' शब्दाच्या मुळाशी तोडणे, फोडणे आहे आणि त्याच धातूपासून अरबीत न्याहारीला 'फुतूर' म्हणतात. इंग्रजी 'ब्रेकफास्ट'ही तेच सांगतो: रात्रीचा उपवास मोडणे.

नगर जिल्ह्याला हा शब्द नवा नाही. १९४२ च्या ऑगस्टपासून नगरच्या किल्ल्यात पंडित नेहरू, मौलाना आझाद कैदेत होते. ते तिथे असतानाच १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. २०११ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले. हेही 'फास्ट'च. त्यांत वेग कुठेच नव्हता. होता तो निर्धार.

आज फास्ट फूड, फास्ट चार्जिंगच्या धावपळीत रोज्याचाही हिशेब घड्याळावरच होऊ लागला आहे. किती तास झाले, किती मिनिटे उरली, एवढेच पाहिले जाते. पोट रिकामे असते, पण सिग्नलवर शिवी सुटते, मापात खोट होते, शेजाऱ्याची निंदा थांबत नाही. खोटे बोलणे सोडले नाही, तर नुसते अन्नपाणी सोडण्याला अर्थ उरत नाही, ही पैगंबर साहेबांची शिकवण सर्वांना पाठ आहे. ती पाळणे मात्र अवघड जाते.

कापडाचा रंग पक्का आहे की नाही, हे दुकानात कळत नाही. पहिल्या धुण्यात कळते. रोज्याचेही तसेच आहे. ईदचा चाँद दिसतो, शिरखुर्मा होतो आणि शव्वालची दुसरी सकाळ उजाडते. खरी परीक्षा तेव्हा सुरू होते.