चघळ (वैरण)

चघळ म्हणजे जनावरांपुढे टाकलेल्या वैरणीपैकी त्यांनी न खाल्लेला, पायदळी तुडवलेला किंवा शेणमुताने माखलेला भाग. काही भागांत त्यास चगळ असेही म्हणतात. मराठवाड्यात, विशेषतः परभणी जिल्ह्यासारख्या ज्वारीच्या प्रदेशात, चघळ मुख्यतः कडब्याचे असते. सकाळी गव्हाण झाडून ते बाहेर काढणे हे गोठ्यातील नित्याचे काम होय. चारा खाणारा प्राणी निवडून खात असल्यामुळे चघळ पूर्णपणे टाळता येत नाही. वैरण कमी टाकल्यास गोठा स्वच्छ दिसतो, परंतु जनावर अर्धपोटी राहते. त्यामुळे चघळाचे व्यवस्थापन म्हणजे वैरणीत कपात करणे नव्हे, तर तिची मांडणी, कापणी, साठवण आणि उरलेल्या भागाचा पुनर्वापर होय. हेच तत्त्व गोठ्यातील गुरांप्रमाणे घरात पाळलेल्या सशांनाही लागू पडते.

स्वरूप आणि कारणे

कडब्याच्या पेंढीत पाने, पानांचे देठावरील वेष्टन, बारीक शेंडा आणि जाड ताट असे वेगवेगळे भाग असतात. पाने मऊ व पचनास सोपी असतात. ताटाचा बुंध्याकडील भाग कठीण असून त्यात लिग्निन हा न पचणारा घटक अधिक असतो. कडब्यातील प्रथिनांचे प्रमाण मुळातच कमी, साधारण ३ ते ५ टक्के असते आणि त्यातील मोठा वाटा पानांत असतो. जनावर आधी पाने ओरबाडते, नंतर शेंडा खाते आणि बुंध्याची कांडी मागे ठेवते. त्यामुळे चघळात प्रामुख्याने जाड कांडी, मुळाजवळील मातकट भाग आणि धूळ आढळते.

गाय, बैल व म्हैस यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने वैरण ओढून घेतात आणि मान झटकून लांब ताटे वेगळी करतात. या झटक्यात बराचसा चारा गव्हाणीबाहेर पडतो. एकदा तो पायाखाली आला किंवा त्यावर मूत्र सांडले की जनावर त्यास सहसा तोंड लावत नाही. बुरशी लागलेला, पावसात भिजून काळा पडलेला किंवा वाळवी लागलेला कडबाही तसाच पडून राहतो.

प्रौढ जनावराला दररोज वजनाच्या साधारण २.५ ते ३ टक्के शुष्क पदार्थ लागतो. उदाहरणादाखल, ३०० किलो वजनाच्या बैलापुढे रोज ८ किलो कडबा टाकला आणि त्याचा चौथा हिस्सा वाया गेला, तर महिन्याला एका बैलामागे ६० किलो वैरण उकिरड्यावर जाते.

परभणी जिल्ह्यातील कडबा

परभणी जिल्हा गोदावरी खोऱ्यात असून गोदावरी, पूर्णा व दुधना या तेथील प्रमुख नद्या आहेत. येथील काळी कसदार जमीन ओल धरून ठेवते. त्यामुळे पावसाळ्याच्या अखेरीस पेरलेली रब्बी ज्वारी प्रामुख्याने जमिनीतील ओलाव्यावर वाढते. तिची काढणी साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोरड्या हवेत होते. म्हणून रब्बीचा कडबा पांढरट, स्वच्छ व चवदार राहतो. खरीप ज्वारीची काढणी परतीच्या पावसात सापडल्यास तिचा कडबा काळवंडतो. अशा कडब्याचे चघळ अधिक उरते.

रब्बीच्या काढणीनंतर साठवलेला कडबा उन्हाळाभर आणि पावसाळ्यात हिरवा चारा हाती येईपर्यंत पुरवावा लागतो. जिल्ह्यात सोयाबीन व कापूस ही पिके मोठ्या क्षेत्रावर घेतली जातात. सोयाबीनचे भुसकट जनावरे कडब्याइतक्या आवडीने खात नाहीत, तर कापसाच्या पऱ्हाट्या वैरण म्हणून निरुपयोगी ठरतात. त्यामुळे ज्वारीखालील क्षेत्र घटले की कडब्याचे मोल वाढते. दुष्काळी वर्षी चाऱ्याअभावी जनावरे विकण्याची वेळ शेतकऱ्यावर येते. अशा वर्षी चघळात जाणारी प्रत्येक पेंढी महत्त्वाची असते.

परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (सध्याचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) परभणी मोती, परभणी सुपर मोती यांसारखे रब्बी ज्वारीचे वाण विकसित केले आहेत. रब्बी ज्वारीच्या वाणाची पारख करताना धान्याबरोबर कडब्याचे उत्पादन व प्रत यांचाही विचार केला जातो, कारण शेतकऱ्याच्या दृष्टीने ही दोन्ही पिकेच असतात. लाल कंधारी व देवणी हे गोवंश आणि उस्मानाबादी शेळी या भागात पाळल्या जातात.

चघळ कमी करण्याचे उपाय

गव्हाण: जमिनीवर टाकलेली वैरण सर्वाधिक वाया जाते. दगड, वीट किंवा लाकडाच्या गव्हाणीला जनावराकडील बाजूस पुरेसा उंच कठडा असल्यास ओढलेला चारा पुन्हा गव्हाणीतच पडतो. मान घालण्यापुरती जागा सोडून उभे दांडे लावल्यास झटक्याने होणारी सांडलवंड कमी होते. तळ गुळगुळीत असावा आणि कोपऱ्यांत ओल साचू नये.

विभागून देणे: दिवसाची सर्व वैरण एकदम न टाकता तीन-चार वेळा दिल्यास ती ताजी राहते. एकूण प्रमाण मात्र कमी करू नये. गव्हाण पूर्ण रिकामी व चाटलेली दिसणे हे नेहमीच चांगले लक्षण नसते. कडब्यासारख्या निकृष्ट चाऱ्यात थोडा भाग उरू दिल्यास जनावराला पाने निवडता येतात आणि त्याच्या पोटात अधिक सकस चारा जातो.

कुट्टी: विळ्याने, अडकित्त्याने किंवा कडबा कुट्टी यंत्राने कडब्याचे साधारण २ ते ३ सेंटीमीटर लांबीचे तुकडे केले जातात. पान व ताट एकत्र मिसळल्याने निवडीस वाव राहत नाही आणि चघळ लक्षणीय घटते. अर्थात जनावर आता कठीण कांडीही खात असल्याने पेंड, सरकी किंवा द्विदल हिरवा चारा देऊन प्रथिनांची उणीव भरून काढावी लागते. कुट्टी फार बारीक केल्यास रवंथ कमी होते.

प्रक्रिया: कुट्टीवर मिठाचे किंवा गुळाचे पाणी शिंपडल्यास तिची चव वाढते. युरिया प्रक्रियेत १०० किलो कुट्टीवर ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडतात आणि ती साधारण २१ दिवस हवाबंद ठेवतात. ही वैरण केवळ प्रौढ रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी असते. सहा महिन्यांखालील वासरे, घोडे व ससे यांना ती देऊ नये. युरियाचे प्रमाण चुकल्यास विषबाधा होते, म्हणून ही प्रक्रिया पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावी.

साठवण

काढणीनंतर पेंढ्या शेतात उभ्या रचून वाळवतात आणि नंतर त्यांची गंजी लावतात. मराठवाड्याच्या काही भागांत तिला बनीम म्हणतात. गंजीखाली दगड किंवा बाभळीच्या फांद्या टाकल्यास जमिनीची ओल व वाळवी यांपासून संरक्षण मिळते. माथा उतरता ठेवून झाकल्यास पावसाचे पाणी आत मुरत नाही. अर्धवट वाळलेला कडबा रचल्यास आत उष्णता निर्माण होऊन बुरशी वाढते. उन्हाळ्यात आगीचा धोका असल्याने गंजी घरापासून व विजेच्या तारांपासून दूर लावणे आवश्यक असते.

शेळ्या

शेळी ही मुळात झाडपाला खुडून खाणारी असल्याने जमिनीवर पडलेला चारा ती टाळते. गव्हाणीत पाय घालून उभे राहण्याची सवय असल्यामुळे तिच्यापुढील चारा लवकर खराब होतो. यासाठी पाल्याची किंवा चाऱ्याची पेंढी तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगतात. खाली सांडलेले गोळा करण्यासाठी पाटी ठेवल्यास स्वच्छ चारा परत वापरता येतो.

घरातील ससे

पाळीव ससा (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) हा मूळचा युरोपीय ससा होय. परभणीच्या रानात आढळणारा भारतीय ससा (लेपस निग्रिकोलिस) हा वेगळा प्राणी असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यास संरक्षण आहे. तो पकडून पाळता येत नाही.

शहरातील घरांत ससा पाळताना सर्वांत मोठी तक्रार पसरलेल्या गवताची असते. गवत कमी करणे हा त्यावरील सोपा वाटणारा पण घातक उपाय आहे. सशाचे सर्व दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चघळल्यानेच दाढांची झीज होते. तंतुमय चारा अपुरा पडल्यास दाढांना टोके येतात, खाणे थांबते आणि आतड्यांची हालचाल मंदावते. ससा काही तासांपेक्षा अधिक काळ उपाशी राहिल्यास त्याच्या जिवाला धोका संभवतो. म्हणून प्रौढ सशापुढे वाळलेले गवत सतत असावे आणि आहाराचा बहुतांश भाग तेच असावे.

सशाला खाता खाता लेंड्या टाकण्याची सवय असते. या सवयीचा उपयोग करून गवताचे खाद्यपात्र लेंड्यांच्या तसराळ्याला लागून किंवा त्याच्या वरच्या बाजूस बसवतात. त्यामुळे सांडलेले गवत व लेंड्या एकाच ठिकाणी जमा होतात. तसराळे उंच काठाचे असावे. तळाशी कागद व त्यावर जाडसर गवत पसरल्यास ओल शोषली जाते. खाद्यपात्राच्या गजांमध्ये सशाचे डोके अडकणार नाही आणि गवत मात्र सहज ओढता येईल एवढेच अंतर ठेवावे. संपूर्ण जागेखाली धुता येणारी चटई अंथरल्यास ती उचलून झटकता येते. गवत हवेशीर कापडी पिशवीत, कोरड्या जागी ठेवावे. बंद प्लास्टिकमध्ये ओल धरून बुरशी येऊ शकते. घरातील कुणाला धुळीचा त्रास असल्यास गवत आधी बाहेर झटकून घ्यावे.

परदेशी पाकीटबंद गवताऐवजी मारवेलसारखे स्थानिक गवत फुलोऱ्यात कापून, सावलीत वाळवून वापरता येते. रासायनिक फवारणी झालेले गवत देऊ नये. लसूणघासात चुन्याचे (कॅल्शियमचे) प्रमाण जास्त असल्याने प्रौढ सशांना तो मर्यादेतच देतात. परभणीत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे जाते, तर ३० अंशांच्या वर सशांना त्रास होऊ लागतो. त्यामुळे गवताची जागा थंड, सावलीच्या कोपऱ्यात असणे महत्त्वाचे ठरते, कारण उष्ण जागी ठेवलेल्या गवताकडे ससा फिरकत नाही.

चघळाचा वापर

स्वच्छ व कोरडे चघळ पुन्हा कुट्टी करून वापरता येते. ते गोठ्यात अंथरल्यास मूत्र शोषले जाते आणि त्यातील नत्र खतात टिकून राहते. फळझाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून पसरल्यास जमिनीतील ओल टिकते. जाड कांडी चुलीत सरपण म्हणूनही जाते. बुरशी लागलेले चघळ मात्र कोणत्याही प्राण्याला देऊ नये.

चघळात कर्ब अधिक व नत्र कमी असल्याने ते एकटे लवकर कुजत नाही. शेण, शेणकाला किंवा सशांच्या लेंड्या मिसळून ओलावा राखल्यास कुजण्याची क्रिया वेग घेते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेल्या व त्यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या नाडेप पद्धतीत १० × ६ × ३ फूट आकाराच्या, भिंतींना छिद्रे ठेवलेल्या विटांच्या टाक्यात काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर रचतात. साधारण तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. ज्या शेतातून कडबा आला, त्याच शेतात त्याचा न खाल्लेला भाग अशा रीतीने परत जातो.

हेही पहा

कडबा
गव्हाण
ज्वारी
कंपोस्ट खत
पाळीव ससा