केमोनंतर मुलाचं तोंड आलं? ‘उष्णता’ समजून घरचे उपाय करू नका

केमोथेरपी घेऊन मूल दवाखान्यातून घरी येतं तेव्हा बहुतेक वेळा त्याचं तोंड ठीक असतं. त्रास सुरू होतो तो गावी आल्यावर. औषध दिल्यानंतर साधारण 5 ते 10 दिवसांनी हिरड्या, गालाची आतली बाजू, जीभ लाल होते, आग होते, मग फोड येऊन जखमा पडतात. पोरगं जेवत नाही, थुंकीसुद्धा गिळत नाही. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, उष्णता झाली, पोट साफ करा. कुणी जाईचा पाला चावायला देतं, कुणी तुरटी लावतं.

एरवी तोंड येणं वेगळं आणि हे वेगळं. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण तोंडातलं नाजूक अस्तरही सतत नवं होत असतं, म्हणून तेही सोलवटतं. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी हा त्रास जास्त होतो. त्याच दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. म्हणजे तोंडात उघडी जखम आणि जंतूंशी लढायला अंगात बळ नाही. पाला, तुरटी, मिश्री याचा धोका इथंच आहे. जुलाबाचं औषध तर मुळीच देऊ नये.

करायचं काम साधं आहे, पण रोज करावं लागतं आणि जखम व्हायची वाट न बघता पहिल्या दिवसापासून करावं लागतं. उकळून गार केलेलं पेलाभर पाणी, त्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. दर जेवणानंतर आणि झोपताना गुळण्या करून थुंकायचं, गिळायचं नाही. पाणी रोज ताजं करावं. सोडा म्हणजे खायचाच. इनो नको, त्यात आंबट असतं, झोंबतं. गुळणी न येणाऱ्या लहानग्याचं तोंड स्वच्छ ओल्या मऊ कापडानं हलकेच पुसावं. ब्रश अगदी मऊ घ्यावा. रक्त येत असेल तर ब्रश चालू ठेवायचा का, ते डॉक्टरांना विचारावं. मेडिकलमधलं तोंडाला लावायचं जेल किंवा झोंबणारं माउथवॉश मनानं आणू नये.

खायला मुगाची पातळ खिचडी, नाचणीची खीर, मऊ दूधभात, सगळं कोमट किंवा गार. ठेचा, लिंबू, टोमॅटो, चिवडा, कडक भाकरी काही दिवस बाजूला. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध लिहून दिलं असेल तर ते जेवणाआधी अर्धा तास दिलं की चार घास जास्त जातात. पेशी वाढल्या की जखमा सहसा दोन-तीन आठवड्यांत भरतात.

मात्र ताप आला तर थांबायचं नाही. घरात थर्मामीटर पाहिजेच. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप दिसला की रात्र असो वा दिवस, उपचार चालू असलेल्या दवाखान्यात फोन करून लगेच निघावं. गाडी नसेल तर 108 ला फोन लावावा. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नये, त्यानं धोका लपतो आणि वेळ जातो. तोंडातून रक्त थांबत नसेल, पांढरे चट्टे पडले, पाणी जात नाही, लघवी कमी झाली, श्वास घ्यायला त्रास होतो, तरीही तसंच.

लांबचा रस्ता असल्यानं अनेक घरं आधी गावातल्या डॉक्टरकडे जातात. तिथं उपचाराची फाइल दाखवून केमो चालू असल्याचं पहिल्यांदा सांगावं. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी असताना कमरेत इंजेक्शन दिलं तर आत रक्त साकळू शकतं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन असलेल्या गोळ्यांनीही रक्तस्राव वाढतो. ‘एक सुई मारा, बरं वाटेल’ हा आग्रह घरच्यांनीच धरू नये. फाइलवर दवाखान्याचा रात्री लागणारा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.