शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, वृद्धाच्या विस्मरणामागे रोग असू शकेल हा विचारच अनेक घरांत डोकावत नाही. वास्तविक जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी अशा रोगाचे वर्णन १९०६ साली केले. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असाव्यात, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात वर्तविला आहे. याचाच अर्थ, साठीनंतरही बहुसंख्यांची बुद्धी शाबूत असते. ज्यांची ढळते ते आजारी असतात.

आजार एकाला जडतो, परंतु त्याचा भार घरातील कोणा एकीवर पडतो. ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते. आयुष्यभर फळ्यावर गणिते सोडविणारे गुरुजी सुटे पैसे मोजताना अडखळतात. ताटावरून उठून घटकाभर होत नाही तोच, ‘मला कोणी जेवायला वाढले नाही’ असे शेजाऱ्यांना सांगतात. दिवेलागणीला स्वतःच्याच घरातून ‘घरी’ जायला निघतात. रात्र जागून काढणाऱ्या सुनेला ते ओळखत नाहीत. मात्र रविवारी तासभर आलेल्या पाहुण्यांशी नीट बोलतात. मग पाहुणे म्हणतात, ‘तुम्ही सांगता तितके काही बिघडलेले दिसत नाही!’ सुनेला रात्रीच्या जागरणापेक्षा हे वाक्य अधिक झोंबते.

प्रथम डॉक्टरांकडून तपासणी व्हावयास हवी. कारण थायरॉइडचा विकार, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव किंवा नैराश्य यांमुळेही स्मृती मंदावते व त्यांवर इलाज आहे. अल्झायमरचा रोग मात्र बरा होत नाही. तेथे वाद घालून उपयोग नसतो. ‘आत्ताच तर जेवलात’ असे दटावण्यापेक्षा हाती केळे देणे शहाणपणाचे. दिनक्रम ठरलेला असावा, वस्तूंच्या जागा बदलू नयेत, खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी. बँक, निवृत्तिवेतन व मृत्युपत्राची कामे समज शाबूत असतानाच उरकावीत. आणि दूर राहणाऱ्या भावंडांनी सल्ल्याऐवजी वेळ द्यावा. वर्षातून पंधरा दिवस रात्रपाळी केली, तरी सांभाळणारीला तेवढी झोप मिळेल.

मातापित्यांच्या निर्वाहाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने अपत्यांवर टाकली, ते योग्यच झाले. परंतु जबाबदारी टाकणाऱ्या शासनाने ती पेलण्यास सवडही द्यावयास हवी. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना अपत्यसंगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची रजा २००८ पासून मिळू लागली. वृद्ध मातापित्यांच्या शुश्रूषेसाठी मात्र स्वतंत्र रजा नाही. ते दिवस नेहमीच्याच रजेतून काढावे लागतात. रुग्णांना दिवसभर सांभाळणारी केंद्रे मोठ्या शहरांतही मोजकीच आहेत. अशी केंद्रे प्रत्येक तालुक्याच्या गावी निघाली, तर सांभाळणाऱ्याला नोकरी टिकविता येईल आणि रुग्णालाही सोबत लाभेल.

आपल्यासाठी कोण जागले, हे रुग्णाला आठवणार नाही. ते इतरांनी लक्षात ठेवावयास हवे.