क्वालालंपूर ते पेनांग : आधी गाडी, मग बोट

मलेशियाला जाणाऱ्या बऱ्याच जोडप्यांच्या यादीत क्वालालंपूर आणि पेनांग ही दोन नावं असतात. मधला दिवस मात्र ‘प्रवास’ एवढ्या एका शब्दात उरकतो. विमानाने जेमतेम तासाभराचं अंतर. पण क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून पन्नास किलोमीटरहून लांब, तिथे दोन तास आधी पोचायचं. पेनांगचा विमानतळ बेटाच्या दक्षिणेला आणि जॉर्जटाउन शहर ईशान्येच्या कोपऱ्यात. हॉटेल ते हॉटेल हिशेब मांडला की पाच तास सहज जातात. रेल्वे आणि बोटीने जवळपास तेवढेच लागतात. फरक एवढाच, की विमानाचे पाच तास रांगांमध्ये तुकडे होऊन जातात, गाडीतले सलग हाती लागतात.

आम्हा दोघांना ते सलग तास हवेच होते. चार वर्षांची लेक इंदूरला आजीकडे होती आणि तिच्यावरूनच आमचा एक वाद महिनाभर अर्धवट पडला होता. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. नवऱ्याचं म्हणणं, ‘कळतंय ना तिला? मोठी झाली की बोलेल.’ माझं म्हणणं, आत्ता नाही बोलली तर पुढे लाजेल.

केएल सेंट्रलवरून सकाळची ‘ईटीएस’ पकडली. ही विजेवर चालणारी झुळझुळीत गाडी, वेग ताशी १४० किलोमीटरपर्यंत आणि रूळ मात्र मीटरगेज! आपल्या पातालपाणी-कालाकुंड घाटात रमतगमत जाणाऱ्या गाडीचे असतात तेवढ्याच अंतराचे. हे कळल्यावर नवरा पुढची दहा मिनिटं खिडकीला नाक लावून रूळच बघत होता.

शहर संपलं की पाम तेलाच्या बागा सुरू होतात आणि मैलोनमैल संपत नाहीत. इपोह जवळ आलं की चुनखडीचे उभे सुळके दिसू लागतात. इपोहचं पांढरं, घुमटांचं स्टेशन आर्थर बेनिसन हबॅक या वास्तुरचनाकाराचं. क्वालालंपूरचं १९१० सालचं जुनं स्टेशनही त्याचंच.

इपोहला एक वयस्क तमिळ जोडपं चढलं आणि पलीकडच्या जागांवर बसलं. आम्ही शेवेचा पुडा पुढे केला, त्यांनी केळ्याचे वेफर्स दिले. आजोबांचे वडील रबराच्या मळ्यात मजुरीला आले होते. ही आता चौथी पिढी. आजोबा तिकीट तपासनिसाशी मलयमध्ये बोलले, आमच्याशी इंग्रजीत आणि फोनवर नातवाशी तमिळमध्ये. मलेशियात आजही पाचशेहून अधिक सरकारमान्य तमिळ प्राथमिक शाळा आहेत. पण सगळी नातवंडं काही त्या शाळेत जात नाहीत, असं आजी म्हणाल्या.

मी विचारलं, मग त्यांना तमिळ येतं कसं? आजी सहज बोलल्या, “मलय रस्ता शिकवतो, इंग्रजी शाळा शिकवते. तमिळ शिकवायला घराशिवाय कोण आहे?”

नवरा काही बोलला नाही. तेवढ्यात तैपिंगच्या अलीकडचा लांबलचक बोगदा आला आणि खिडकीत आमचेच चेहरे दिसू लागले. याच तैपिंगहून १८८५ साली मलायातली पहिली रेल्वे धावली, खाणींतलं कथील बंदरावर न्यायला. तैपिंग मागे पडलं की गाडी बुकित मेराह तळ्यावरून जाते. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. तिथे नवरा म्हणाला, “आपल्याकडे हिंदी रस्ता शिकवतोच की. घरी मीच तिच्याशी निम्मं हिंदी बोलतो.” मी “हो” म्हटलं नाही. शेवेचा पुडा पुढे केला.

बटरवर्थ स्टेशनवरून बोटीचा धक्का चालत जाण्याजोगा आहे. माणशी दोन रिंगिट, साधारण पाव तास, आणि समोर जॉर्जटाउन हळूहळू मोठं होत येतं. पुलावरून टॅक्सीनेही जाता येतं, पण तो मोह टाळावा. संध्याकाळी जालान मस्जिद कापितान केलिंग या रस्त्याने फिरा. चर्च, चिनी देऊळ, १८३३ सालचं महामारिअम्मन मंदिर आणि मशीद, सगळं चालण्याच्या अंतरात. मलेशियातलं तमिळ शिक्षणही याच गावात १८१६ साली पेनांग फ्री स्कूलमधल्या एका वर्गापासून सुरू झालं असं मानतात.

रात्री घरी व्हिडिओ कॉल केला. लेकीने विचारलं, “पापा, क्या देखा?” तो म्हणाला, “मोठ्ठी बोट पाहिली. तू काय खाल्लंस?” ती थांबली. तोही थांबला. मागून आजी उत्तर सांगायला निघाली, तिला त्याने हातानेच थांबवलं. बऱ्याच वेळाने आवाज आला, “वरणभात... और पापड.”

तुम्ही जाणार असाल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसातून सवलत आहे. तरी निघण्याआधी ताजा नियम बघा. आगमनाचं डिजिटल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. सुट्ट्यांमध्ये गाडी लवकर भरते, म्हणून तिकीट आधी काढा. आणि शेजारी शेजारीच जागा घ्या. सोबत शेवेचा पुडा असू द्या, पलीकडे कोण येऊन बसेल सांगता येत नाही.